दोन भोपळे आणि हत्ताची कुंडं

दुबईला जाताना मी सामानात दोन वाळलेले भोपळे नेले होते, हे आठवून आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये अजून हसतात. हसोत बापड्या. लोक जिथून सोनं आणतात तिथे मी भोपळे घेऊन गेले, यात हसण्यासारखं आहेच. पण "प्रवासाचं काहीतरी लिहा की बाई" म्हणून ज्यांनी लकडा लावला, त्यांना मी आधीच बजावलं, की उंच इमारती आणि सोन्याचा बाजार वाचायचा असेल तर दुसऱ्या कुणाला तरी धरा. मी लिहिणार ते एका शुक्रवारबद्दल, डोंगरातल्या पाण्याबद्दल आणि या भोपळ्यांबद्दल.

मी कऱ्हाडला मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे, पोहणंही शिकवते. सव्वीस वर्षं गळ्यात शिट्टी आहे. माझा धाकटा भाऊ अरविंद, आमचा अरू, दुबईत राहून आता तिथलाच झाला आहे. १९९८च्या मे महिन्याच्या सुट्टीत त्याने मला तिकीट पाठवलं. त्याची एकुलती एक मुलगी मुग्धा तेव्हा चौदा वर्षांची होती. "ती पाण्याच्या वाटेला जात नाही हं, ताई," असं त्याने फोनवर कौतुकाने सांगितलं होतं. माझं डोकं तिथेच फिरलं. कृष्णाकाठच्या माणसाची मुलगी आणि पोहता येत नाही!

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलाच्या पाठीवर वाळलेल्या दुध्या भोपळ्यांची जोडी बांधतात. वाळलेला दुध्या आतून पोकळ आणि बाहेरून लाकडासारखा टणक असतो. बुडवू म्हटलं तरी बुडत नाही. मी चांगले दोन निवडले, जुन्या साडीत गुंडाळले आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवले.

दुबईच्या विमानतळावर पांढऱ्या झग्यातल्या एका तरुण साहेबांनी बॅग उघडली, भोपळा उचलला आणि कानाशी नेऊन हलवला. आतल्या बिया खुळखुळल्या. "व्हॉट इज धिस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "पंपकिन." "फॉर कुकिंग?" "नो. फॉर स्विमिंग." त्यांनी दुसऱ्या साहेबांना बोलावलं. दुसऱ्यांनी तिसऱ्यांना बोलावलं. शेवटी मी एका हाताने भोपळे पाठीशी धरले आणि त्या चकचकीत फरशीवर उभ्याउभ्या दुसरा हात मारून दाखवला. तिघेही मनापासून हसले, माझी बॅग त्यांनीच बंद करून दिली, एक देठ तेवढा बाहेर राहिला, आणि "यल्ला मॅडम, वेलकम," म्हणत मला वाट दाखवली. यल्ला म्हणजे चला. त्या गावाबद्दलचं माझं चांगलं मत तिथूनच सुरू झालं.

अरू बाहेर उभा होता. पुढे आला, पाया पडला, बॅग घेतली. साडीच्या गाठोड्यातून बाहेर डोकावणारा भोपळ्याचा देठ त्याला दिसला आणि त्याचं हसू मावळलं.

"हे कशाला आणलंस?" एवढंच तो म्हणाला.

अल मनखूल

अरूचं घर अल मनखूल भागात आहे. चौथा मजला, समोर एक मशीद, खाली उडप्याचं हॉटेल आणि जिन्यात चार भाषांचे फोडणीचे वास. शेजारी सोलापूरचे लोक निघाले, तेव्हा परदेशात आल्याचं वाटेपर्यंत दोन दिवस गेले. गच्चीवर मात्र एक निळाशार पोहण्याचा तलाव. इमारतीतली मुलं संध्याकाळी त्यात धिंगाणा घालत. अरू एकदाही त्या गच्चीवर गेला नव्हता. गंमत अशी, की या माणसाचं घर चालतं ते पाण्याच्या टाक्यांवर. रास अल खोरला त्याची वर्कशॉप आहे आणि तिथे तो इमारतींवर बसवायच्या फायबरच्या टाक्या बनवतो. मी एक दिवस पाहून आले. हॉलएवढी टाकी पाण्याने भरून ती कुठे झिरपते का हे तो लांब उभा राहून बघत होता. मी म्हटलं, "जरा जवळ जा की, चावत नाही ती." तो हसला, पण पाऊल पुढे टाकलं नाही.

गुरुवारी जेवताना मुग्धाने शाळेतून आलेलं एक पत्रक ताटाशेजारी ठेवलं. जुलैत शाळेची सहल ऑस्ट्रियाला जाणार होती. पत्रकावर फोटो होता: चहूबाजूंनी बर्फाची टोकं असलेले डोंगर, मधोमध निळं तळं आणि केशरी जॅकेटं घातलेली मुलं लांबुळक्या होड्या वल्हवत चाललेली. दहा दिवस तळ्याकाठी राहायचं, सकाळी डोंगर चढायचे, दुपारी होड्या आणि पोहणं. खाली पालकांच्या सहीची जागा होती आणि त्याच्या वर एक प्रश्न: तुमच्या पाल्याला पोहता येतं का?

"खलास, तो विषय झालाय आपला," अरू म्हणाला. "साडेचार हजार दिरहॅम, म्हणजे जवळजवळ पन्नास हजार रुपये, आणि ते कशासाठी, तर बर्फाच्या पाण्यात डुंबायला."

"पैशाचं कारण नका हो सांगू," माझी भावजय सुनंदा पोळी वाढता वाढता म्हणाली. "मागच्या वर्षी तुम्हीच म्हणालात, तिला युरोप दाखवू."

"युरोप दाखवू म्हणालो. तळं नाही."

"बाबा, एव्हरीवन वेअर्स अ लाइफ जॅकेट," मुग्धा म्हणाली. "इट्स कम्पल्सरी."

"जॅकेट मुलं काढतात."

"व्हाय वुड आय टेक इट ऑफ?"

"काढतात," अरू म्हणाला आणि हात धुवायला उठला. मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही. फॉर्म शनिवारी शाळेत द्यायचा होता.

त्या घरात अरू पाण्याला का भितो हे एकट्या मला माहीत होतं. तो सात वर्षांचा होता आणि मी अकरा. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सगळी चुलत भावंडं जमलेली. अरूच्या पाठीला भोपळे बांधायचं काम वडिलांनी माझ्याकडे दिलं होतं. दोरी छातीवरून घ्यायची, पोटावरून घ्यायची आणि डाव्या काखेखाली गाठ मारायची. मी मारली. तो पाण्यात उतरला आणि थोड्याच वेळात भोपळे एकीकडे तरंगताना दिसले आणि अरू दिसेना. काकांनी सूर मारून त्याला केसाला धरून वर काढलं. वडिलांनी, आमच्या दादांनी, सगळ्यांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. ती वाजवली ते बरंच केलं, असं मला तेव्हाही वाटलं. गाठ मी बांधली होती. त्यानंतर अरू कधी पाण्यात गेला नाही आणि मी कधी कुठली गाठ तीनदा ओढून पाहिल्याशिवाय सोडली नाही. शाळेत मुली मला त्यावरून चिडवतात. अरूने मात्र सदतीस वर्षांत मला एका शब्दाने दोष दिला नव्हता. त्यामुळे तर जास्तच लागायचं.

त्या गुरुवारी मी अरूला एवढंच म्हटलं, "उद्या शुक्रवार आहे. मला डोंगर दाखव. इथे डोंगरात पाणी आहे म्हणतात."

"हत्ता? आहे ना. पण फार ऊन असतं गं."

"मी कऱ्हाडची आहे," मी म्हटलं.

हत्ताच्या वाटेवर

पहाटे पाचला निघालो. गाडी चालवायला वर्कशॉपमधले खानभाई होते, पेशावरकडचे, मेंदी लावलेल्या दाढीचे. डोंगरातल्या दगडगोट्यांच्या वाटेवर अरूचा स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता, खानभाईंवर होता. मागे सुनंदाने बर्फाची पेटी, थालीपीठं, लसणाची चटणी, काकड्या आणि एक अख्खं कलिंगड भरलं होतं. त्यांच्या शेजारी मी भोपळे ठेवले. अरूने ते पाहिले आणि तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. मुग्धाने सहलीचा फॉर्म घडी करून गाडीच्या पुढच्या खणात सरकवला, हे मी पाहिलं.

वाळवंट म्हणजे पिवळी सपाट वाळू, अशी माझी समजूत होती. शहर मागे पडलं आणि सूर्य वर आला तेव्हा समोरच्या टेकड्या तांबूस झाल्या, मग विटेसारख्या लाल. वाळूवर वाऱ्याने बारीक चुण्या पाडल्या होत्या. त्या लाल टेकडीवर चार तरुण मुलं पाटासारख्या फळ्यांवर बसून घसरत होती. खाली येऊन पुन्हा धापा टाकत वर चढत होती. सकाळी सहा वाजता! मला इतकं बरं वाटलं, की गाडी थांबवून मी त्यांना शाबासकी देऊन आले. एकाने फळी पुढे केली. सुनंदा "ताई, नको हो," म्हणेपर्यंत मी बसले होते. खाली पोचले ती तोंडात वाळू घेऊनच, पण पोचले. पुढे दिवसभर माझ्या कानातून वाळू निघत होती.

वाटेत चहा प्यायलो. तिथे चहाच्या दुकानासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला, की चहा गाडीत येतो. आपल्याकडे असा हॉर्न वाजवला असता तर चहावाल्याने काय दिलं असतं ते सांगायला नको. चहा मात्र दाट, वेलची घातलेला आणि इतका गोड, की चमचा उभा राहावा. खानभाईंनी शेजारच्या तंदूरमधून हातभर लांबीची गरम रोटी आणली आणि सगळ्यांना तोडून दिली. आधी मला दिली, कारण मी मोठी. ही रीत मात्र अगदी आपली.

मग डोंगर आले. आपल्या सह्याद्रीला निदान वाळकं गवत असतं. या डोंगरांवर गवताचं पातं नाही. नुसता खडक, तपकिरी, जांभळा, कुठे हिरवट, आणि उन्हात प्रत्येक घडी वेगळी दिसते. अशा डोंगरात माणसं कशाला राहतील असं मनात येतं, तोच एका वळणावर खजुरीची गर्द बाग दिसते आणि तिच्या कडेने दगडी पाटातून झुळझुळ पाणी वाहत असतं. कुठल्या तरी डोंगराच्या पोटातून ते पाणी पाटाने गावात आणलेलं असतं आणि कुणाच्या बागेला किती वेळ पाणी हे वर्षानुवर्षं ठरलेलं. आमच्याकडच्या पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणं आठवून मला त्या माणसांविषयी फार आदर वाटला.

हत्ता गाव सोडल्यावर डांबरी रस्ता संपला. खानभाईंनी उतरून चारही चाकांची थोडी थोडी हवा काढली. आमच्याकडे प्रवासाला निघताना हवा भरतात, इथे काढतात. गोट्यांवर चाक मऊ हवं, असं त्यांनी समजावलं. पुढचा तासभर गाडी इतकी हलली, की मागचे भोपळे सारखे खुळखुळत होते. ही कुंडं नकाशावर ओमानच्या हद्दीत येतात म्हणे, पण वाटेत कुणी विचारलं नाही आणि दुबईचे लोक त्यांना आपलीच समजतात.

कुंडं

दोन्ही बाजूंना उभे खडक आणि मधोमध पाण्याने हजारो वर्षं घासून केलेली एक खोल अरुंद घळ. त्या घळीत एकाखाली एक कुंडं. पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ, की दोन पुरुष खोलीवरचे गोटे मोजता यावेत. बाहेर भट्टी पेटलेली आणि हात घातला तर पाणी माठातल्यासारखं गार. मी पत्रकावरचं ते ऑस्ट्रियातलं तळं पाहिलेलं नाही. पण देवाने वाळवंटातल्या लोकांसाठी एक तळं राखून ठेवलं असेल तर ते असंच असणार.

आणि किती प्रकारचे लोक! फिलिपिनो बायकांचा एक घोळका कोळशावर मासे भाजत होता आणि मधूनमधून कपड्यांसकट पाण्यात उड्या मारत होता. एक इंग्रज बाप रबरी होडीत तीन मुलांना बसवून वल्ही कशी धरायची ते शिकवत होता, न ओरडता. मी ते मुद्दाम टिपून घेतलं. काही लेबनीज तरुण वरच्या कड्यावरून सूर मारत होते. प्रत्येक उडी मारण्याआधी एक जण खाली पाण्यात उतरून तळ तपासून हात वर करायचा, मगच वरचा उडी मारायचा. शिट्टीवाचून एवढी शिस्त मी माझ्या नोकरीत पाहिली नाही.

आम्ही एका रुंद खडकावर सतरंजी पसरली. अरू पाण्यापासून पंधरा हात लांब, सावलीत, खडकाला पाठ लावून बसला. मी मात्र काठावर पाय सोडून बसले. तिथे माझ्या हातून, खरं तर पायातून, घोटाळा झाला. अरूने आदल्या दिवशीच घेऊन दिलेली माझी चप्पल सटकली आणि पाण्यात पडली. मी वाकून धरेपर्यंत ती ओढीला लागली आणि घळीच्या अरुंद तोंडाकडे निघाली.

"गेली गं!" मी म्हटलं.

माझा शब्द संपायच्या आत कुणीतरी माझ्या शेजारून सूर मारला. मुग्धा होती.

"मुग्धा!" अरूची ती हाक मी कधी विसरणार नाही. तो धावत आला आणि काठापासून चार हातांवर त्याचे पाय थबकले. पुढे येईना, मागे जाईना. गुडघे टेकून तिथेच बसला. मी ओढणी कमरेला गुंडाळून उडी टाकायच्या तयारीत होते, पण समोर पाहिलं आणि थांबले. पोरीचे हात सरळ, लांब पडत होते. दर तिसऱ्या हाताला तोंड बाजूला करून श्वास. हे शिकवलेलं पोहणं होतं, आणि चांगलं शिकवलेलं. तिने चप्पल पकडली, दातात धरली, पाठीवर उलटी झाली आणि सावकाश पाय मारत परत आली.

मी सुनंदाकडे वळले. तिने पदर तोंडाला लावला होता.

"दोन वर्षं," ती हळूच म्हणाली. "शाळेत. आठवड्यातून दोनदा. कॉस्च्यूम मी वॉशिंग मशीनच्या मागे वाळत घालते. ह्यांना सांगायचा धीर नाही झाला, ताई."

मुग्धा बाहेर आली, निथळत बापासमोर उभी राहिली आणि हातातली चप्पल उगाच झटकत राहिली.

"मला का नाही सांगितलंस?" अरूने विचारलं.

"यू वुड बी स्केअर्ड, बाबा."

"आणि जॅकेट? जॅकेट नव्हतं ना आत्ता?"

"बाबा, तीन महिने आय वोअर द फ्लोट. आय नेव्हर टुक इट ऑफ. नॉट टिल मिस सेड सो. नॉट वन डे." तिने डोळे पुसले. "सगळी मुलं हसायची. स्टिल आय डिडन्ट."

अरू रागावेल, ओरडेल, सामान भरायला सांगेल, असं आम्हाला वाटलं. त्याने यातलं काही केलं नाही. उठून तो पुन्हा सावलीत जाऊन बसला आणि खूप वेळ पाण्याकडे बघत राहिला. आम्ही थालीपीठं काढली. त्याने अर्धं खाल्लं.

तेवढ्यात शेजारच्या खडकावरचे एक अरब आजोबा काठी टेकत आले. त्यांचे मुलगे-नातू पाण्यात होते. आजोबांच्या हातात खजुरांची थाळी आणि लांब चोचीची किटली. दुधासाखरेवाचून केलेली, वेलदोड्याच्या वासाची ती कडू कॉफी त्यांनी इवल्या इवल्या कपांत आम्हाला दिली. आधी खजूर खायचा, मग घोट घ्यायचा. तिसऱ्यांदा कप भरायला आले तेव्हा अरूने मला सांगितलं, की नको असेल तर कप असा हलवायचा. मी हलवला. मुग्धाने त्यांना लसणाची चटणी लावून थालीपीठ दिलं. ते त्यांनी डोळ्यांतून पाणी काढत पूर्ण खाल्लं आणि "मिर्ची ज्यादा, लेकिन अच्छा," असा दाखला दिला.

मग त्यांची नजर आमच्या सामानातल्या भोपळ्यांवर गेली. "ये क्या?"

मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. बच्चा, पानी, पीठ पर बांधना. आजोबा एवढे खूश झाले, की काठी खाली ठेवून माझ्याशेजारी बसले. "हम छोटा था, समंदर का पास," ते म्हणाले. "हमारा बाबा ये बांधता था." त्यांनी खजुरीच्या झावळीचा वाळलेला, रुंद बुंधा उचलून स्वतःच्या पाठीला लावून दाखवला. तो हलका असतो, पाण्यावर तरंगतो. त्यांच्याकडे खजूर होता म्हणून खजूर, आमच्याकडे भोपळा होता म्हणून भोपळा. कऱ्हाडच्या विहिरीवरचे बाप आणि अरबस्तानच्या किनाऱ्यावरचे बाप एकाच पद्धतीने पोरांना पाण्यात लोटत होते. याचा मला का कोण जाणे फार आनंद झाला.

"लेकिन ये कौन का?" आजोबांनी विचारलं. त्यांनी मुग्धाला पोहताना पाहिलं होतं. "लडकी तो मछली है."

खरंच, कुणाचे होते ते भोपळे?

"मेरा है," अरू म्हणाला.

आम्ही तिघी त्याच्याकडे पाहू लागलो. तो उठला, शर्ट काढून खडकावर ठेवला, पँटचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडले आणि भोपळे उचलून माझ्यापाशी घेऊन आला.

"ताई, तूच बांध," तो म्हणाला.

सव्वीस वर्षांत किती पोरींना बांधले असतील, पण ते वेगळं. दोरी छातीवरून घेतली, पोटावरून घेतली, डाव्या काखेखाली गाठ मारली. एकदा ओढून पाहिली. दुसऱ्यांदा ओढली. "तिसऱ्यांदा," अरूच म्हणाला. मी ओढली.

मग मी त्याचा उजवा हात धरला, मुग्धाने डावा. टाक्या बनवणारा, चव्वेचाळीस वर्षांचा, पोट सुटलेला, पाठीवर दोन भोपळे, असा माझा भाऊ पायरी पायरीने पाण्यात उतरला. कमरेपर्यंत आल्यावर त्याने डोळे मिटले. छातीपर्यंत आल्यावर माझं बोट इतकं दाबलं, की ते दोन दिवस दुखत होतं. "पाय सोड," मी म्हटलं. "नाही." "बाबा, यल्ला," मुग्धा म्हणाली. त्याने पाय सोडले. आणि भोपळ्यांनी त्याला उचलून धरलं.

वरच्या कड्यावरचे तरुण थांबून बघत होते. मासे भाजणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अरब आजोबा काठावरून "पैर, पैर मारो!" असं ओरडत होते. अरूने पाय मारले. आधी नुसतंच पाणी उडालं, सगळं आमच्या तोंडावर. मग तो हातभर पुढे सरकला. मग आणखी हातभर. शेवटी त्याने माझा हात सोडला, नंतर मुग्धाचा, आणि त्या हिरव्या पाण्यात एकटा, कुंडाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गेला. सुनंदा रडत होती आणि खानभाई "माशाल्ला, माशाल्ला," म्हणत दाढीवरून हात फिरवत होते. पुढे अर्धा तास तो बाहेर यायलाच तयार नव्हता.

बाहेर आल्यावर गाठ सुटेना. सुती दोरी पाण्याने फुगून घट्ट झाली होती. अरू गाडीला टेकून, माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि मी नखांनी गाठीशी झटत होते.

"या वेळी तरी पक्की बसली," मी म्हटलं. बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं. "तेव्हाच अशी बांधली असती तर तुझी एवढी वर्षं फुकट गेली नसती, अरू."

तो समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाला, "तेव्हाही तू पक्कीच बांधली होतीस, ताई."

"म्हणजे?"

"मी सोडली ती. सगळे भोपळ्या, भोपळ्या म्हणून चिडवत होते. पायरीवर बसून मी हळूच सोडली. म्हटलं, दाखवतो यांना." त्याने मान खाली घातली. "दादांनी तुला मारलं तेव्हा मी रडत होतो ना, ते त्याचसाठी. उद्या सांगू म्हटलं. मग परवा. मग सांगता येण्यासारखं राहिलंच नाही."

माझे हात गाठीवरच राहिले. जॅकेट मुलं काढतात, असं हा का म्हणत होता ते मला तेव्हा कळलं. सदतीस वर्षं मी तो गुन्हा आपला म्हणून वागवला. त्याच्यापायी खेळाची बाई झाले, हजारो गाठी तीन तीनदा ओढल्या. राग आला, रडू आलं आणि छातीवरचं काहीतरी उतरलं, हे सगळं एकदम. यातलं आधी काय करावं ते न सुचून मी त्याच्या पाठीत एक सणसणीत चापट मारली. ती बसली भोपळ्यावर. आतल्या बिया खुळखुळल्या.

सुनंदा आणि मुग्धा धावत आल्या. "काय झालं?"

"काही नाही," अरू डोळे पुसत हसला. "ताईने लहानपणी ज्याच्यासाठी मार खाल्ला, ते मी आज तिला सांगितलं. मुग्धा, तो फॉर्म आण. गाडीत ठेवलायस ना?"

फॉर्म गाडीच्या बॉनेटवर पसरला. बॉनेट इतकं तापलं होतं, की हात टेकवेना. पाठीवर भोपळे तसेच, अंगावरून पाणी गळतंय, अशा अवतारात अरूने तुमच्या पाल्याला पोहता येतं का, हा प्रश्न मोठ्याने वाचला, पुढे 'होय'च्या चौकोनात खूण केली आणि सही ठोकली. सहीवर थेंब पडून शाई थोडी पसरली. मुग्धाने फुंकर घालून ती वाळवली.

दोरी शेवटी खानभाईंनी सुरीने कापली. गाठ शाबूत राहावी म्हणून अरूने त्यांना ती गाठीपासून लांब कापायला लावली. भोपळे त्याच्याकडेच राहिले. दर शुक्रवारी सकाळी ते पाठीला बांधून तो गच्चीवरच्या तलावात उतरतो आणि सोलापूरचे शेजारी बघायला येतात, असं मुग्धाने ऑस्ट्रियाहून पाठवलेल्या पत्रात लिहिलं होतं. पत्रावर त्या निळ्या तळ्याचा फोटो होता. आमच्या हत्ताच्या पाण्याची सर त्याला नाही, हे मी न जाता सांगते.

कऱ्हाडला परत आल्यावर मी वर्गासाठी नवे भोपळे वाळवले. पोरींना बांधताना गाठ अजून तीनदाच ओढते, ती सवय आता जायची नाही. पण त्यानंतर प्रत्येकीला समोर उभी करून, तिच्या डोळ्यांत बघून विचारते, "मी सांगेपर्यंत सोडणार नाहीस ना?" आणि तिने "नाही बाई" म्हटल्याशिवाय शिट्टी वाजवत नाही.